उशाशी ठेवलेल्या दोन बाटल्या

वाचकहो, २७ वर्षे मी कराड परिसरात सामान्य रुग्णसेवा करीत आहे. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक वृद्ध रुग्णाला मी न चुकता विचारते, "काका, गोळ्या वेळेवर घेता ना?" स्वतःच्या आईला मात्र हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. डॉक्टरच्या घरातील माणसे औषधे नियमित घेतच असणार, असे मी गृहीत धरले होते. ते किती महागात पडू शकले असते, हे मला गेल्या मार्गशीर्षात कळले.

आई ७६ वर्षांची आहे. निवृत्त शिक्षिका, गणित हा तिचा विषय. चार वर्षांपूर्वी तिला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. एक स्टेंट बसवला गेला आणि तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन, रक्तदाबाची गोळी आणि रात्री कोलेस्टेरॉलसाठी अटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, असा तिचा क्रम सुरू झाला. त्या सकाळी गाद्या उन्हात घालताना तिच्या उशाशी मला दोन बाटल्या दिसल्या. टेक्सासहून दादाने पाठवलेल्या. एकीवर 'को-क्यू टेन, १०० मिलिग्रॅम' असे छापलेले, तर दुसरीवर 'युबिक्विनॉल, २०० मिलिग्रॅम'. दोन्ही अर्ध्याहून अधिक रिकाम्या. आणि कपाटाच्या खणात, शालीच्या घडीखाली, अटोरव्हास्टॅटिनच्या पाच स्ट्रिप जशाच्या तशा भरलेल्या. पन्नास गोळ्या, म्हणजे पन्नास रात्री.

"आई, हे काय?" माझा आवाज चढला होता.

ती शांतपणे म्हणाली, "पाय दुखतात म्हणून तुला तीनदा सांगितलं. तू म्हणालीस, वय झालं. दादाला सांगितलं, त्यानं निदान ऐकून तरी घेतलं. त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं स्नायू दुखतात म्हणे, आणि ह्या कॅप्सूलनं बरे होतात. मग दुखणं देणारी गोळी कशाला घ्यायची?"

"आणि दोन्ही बाटल्या एकदम?"

"नावं दोन, म्हणजे औषधं दोन. नाही का?"

माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. आज हा लेख लिहिताना मी आपणाला तेच सांगणार आहे, जे मी आईला वेळीच सांगायला हवे होते.

हे को-क्यू टेन म्हणजे काय?

को-एन्झाइम क्यू टेन हे एक सहविकर आहे. विकरांच्या कामाला हातभार लावणारा पदार्थ. १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांच्या हृदयातील पेशींमधून ते वेगळे केले. आपल्या पेशींत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. अन्नातून ऊर्जा तयार होते ती तेथे, आणि त्या कामात इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा हमाल म्हणजे हे सहविकर. हृदय, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा अविरत राबणाऱ्या अवयवांत ते अधिक असते.

आपले शरीर ते स्वतः तयार करते, म्हणूनच त्याला जीवनसत्त्व म्हणत नाहीत. आहारातूनही दिवसाला साधारण ३ ते ६ मिलिग्रॅम मिळते: मांस, बांगडा-तारलीसारखे मासे, शेंगदाणे, तीळ, सोयाबीनचे तेल यांतून. वय वाढते तसे काही अवयवांतील त्याचे प्रमाण घटते, हे खरे. परंतु घटले म्हणजे बाहेरून भरून काढलेच पाहिजे, आणि भरून काढले की दुखणे पळते, हे दोन्ही निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाहीत. वयाबरोबर केसांचा काळेपणाही घटतो.

स्टॅटिन गटातील गोळ्यांशी याचा संबंध असा: यकृतात कोलेस्टेरॉल ज्या रासायनिक वाटेने तयार होते, त्याच वाटेच्या एका फाट्यावर को-क्यू टेन तयार होते. स्टॅटिन ही वाट सुरुवातीलाच अरुंद करते, त्यामुळे रक्तातील को-क्यू टेनही कमी होते. स्नायूदुखीवर ते उपयोगी पडावे ही कल्पना येथूनच आली. तर्क सुबक आहे. मात्र प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचण्यांत निकाल संमिश्र आले. काहींत थोडा आराम दिसला, काहींत साध्या, औषध नसलेल्या गोळीइतकाच. म्हणून स्टॅटिन घेणाऱ्या सर्वांनी ते घ्यावे, अशी सरसकट शिफारस नाही. आणि स्टॅटिनऐवजी ते घ्यावे, असे तर कोणत्याच चाचणीने सांगितलेले नाही. झटका येऊन गेलेल्या माणसात स्टॅटिन जे रक्षण करते, ते को-क्यू टेन करू शकत नाही.

दोन नावे, एकच पदार्थ

युबिक्विनोन आणि युबिक्विनॉल ही एकाच सहविकराची दोन रूपे आहेत. युबिक्विनोन हे ऑक्सिडीकृत रूप, रंगाने पिवळे-नारिंगी. युबिक्विनॉल हे त्याचेच क्षपणित रूप, दुधी पांढरे. हवा लागली की तेही पिवळसर पडू लागते. शरीर एकाचे दुसरे आणि दुसऱ्याचे पहिले, असे सतत करीत असते. पोटात युबिक्विनोन गेले तरी रक्तात ते बहुतांशी युबिक्विनॉलच्या रूपात फिरते. म्हणजे आई दोन औषधे घेत नव्हती. एकाच वस्तूचे तीनशे मिलिग्रॅम ती दोन नावांनी घेत होती, आणि तेही रात्री झोपताना, पाण्याबरोबर, उपाशी म्हणता येईल अशा पोटी.

मग युबिक्विनॉलची बाटली एवढी महाग का? कारण ते रूप टिकवणे अवघड असते, आणि ते अधिक चांगले शोषले जाते असा दावा असतो. या दाव्यात तथ्यांश आहे; काही अभ्यासांत त्याने रक्तातील पातळी अधिक वाढलेली दिसली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट लेबलवर ठळक छापलेली नसते. को-क्यू टेन हा स्निग्ध पदार्थात विरघळणारा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ आहे. त्याची कोरडी भुकटी भरलेली कडक कॅप्सूल किंवा दाबून केलेली गोळी फार थोडी शोषली जाते. तोच पदार्थ तेलात नीट विरघळवून मऊ कॅप्सूलमध्ये भरला, तर कितीतरी अधिक अंगी लागतो. तेलात उत्तम विरघळवलेले साधे युबिक्विनोन हे कोरड्या स्वरूपातील महागड्या रूपाहून सरस ठरू शकते. हृदयविकारातील ज्या चाचणीचा मी पुढे उल्लेख करणार आहे, तीतही युबिक्विनोनच वापरले होते.

यास्तव निवड करताना माझा क्रम असा असतो: प्रथम तेलातील मऊ कॅप्सूल आहे का ते पाहावे, मग ती जेवणाबरोबर घेतली जाईल का ते पाहावे, आणि रूपाचा विचार सर्वांत शेवटी करावा. जेवणही स्निग्धांश असलेले हवे. वरणभातावर तुपाची धार, भाजीला तेलाची फोडणी, शेंगदाण्याची चटणी, एवढे पुरते. नुसत्या चहाबरोबर घेतलेली कॅप्सूल बरीचशी वाया जाते.

मात्रा किती?

को-क्यू टेनची 'रोजची गरज' म्हणून ठरवलेली कोणतीही मात्रा नाही. बाटलीवरचा आकडा हा उत्पादकाने निवडलेला असतो. तो आपल्यासाठी मोजलेला नसतो. म्हणून मी रुग्णांना आधी विचारते, "कशासाठी घ्यायचे आहे?" मात्रेचे उत्तर या प्रश्नात दडलेले आहे.

केवळ उत्साह वाटावा, वय जाणवू नये, यासाठी? तर माझ्या मते ते पैसे फळे, दूध, कडधान्ये आणि पायांतील चांगल्या चपलांवर खर्च करावेत.

स्टॅटिन सुरू असताना स्नायू दुखतात म्हणून? तर आधी दुखण्याचे कारण शोधावे, आणि मग डॉक्टरांच्या संमतीने दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम, मुदत ठरवून, घेऊन पाहण्यास हरकत नाही.

हृदयाची पंप करण्याची शक्ती मंदावली असेल तर? येथे सर्वांत आश्वासक पुरावा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्यू-सिम्बायो' नावाच्या चाचणीत ४२० रुग्णांनी भाग घेतला. नेहमीचे उपचार चालू ठेवून काहींना दोन वर्षे रोज तीन वेळा १०० मिलिग्रॅम को-क्यू टेन दिले, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल. को-क्यू टेन घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना हृदयाशी संबंधित गंभीर प्रसंगाला सामोरे जावे लागले, दुसऱ्या गटात २६ टक्क्यांना. चाचणी फार मोठी नव्हती, त्यामुळे यावरून ते सर्वांना लिहून दिले जात नाही. परंतु हृदयरोगतज्ज्ञांशी हा विषय काढण्याइतके बळ त्यात निश्चित आहे. आणि 'नेहमीचे उपचार चालू ठेवून' हे शब्द कृपया दोनदा वाचावेत.

अधिक घेतले म्हणजे अधिक लाभ, असेही नाही. त्याच वर्षी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या ६०० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना दिवसाला १२०० आणि २४०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा दिल्या होत्या. लाभ दिसला नाही, आणि चाचणी मध्येच थांबवण्यात आली. शिवाय एका वेळची मात्रा वाढवावी तसा तिच्यातील शोषला जाणारा हिस्सा घटत जातो. म्हणून १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घ्यायचे ठरले, तर दोन किंवा तीन जेवणांत विभागून घ्यावे. काहींना त्याने मळमळ, भूक मंदावणे, जुलाब होतात. काहींची झोप उडते. त्यामुळे रात्रीची वेळ टाळलेली बरी. त्या पन्नास रात्रींत आईची झोप का मोडत होती, याचा उलगडा मला असा झाला.

आईच्या पायांचे काय झाले?

त्याच दिवशी आईचा ईसीजी काढला. नवा बदल नव्हता. रक्त तपासले. घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, पूर्वी ६८ होते, ते १४१ वर गेले होते. स्नायूंच्या इजेची तपासणी व्यवस्थित आली. पण थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच १२ आले, म्हणजे थायरॉइडचे काम मंदावले होते.

वाचकहो, थायरॉइड मंदावले की स्नायू दुखतात, कोलेस्टेरॉल वाढते आणि स्टॅटिनचा त्रास होण्याची शक्यताही वाढते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते. तीनदा 'वय झालं' म्हणणाऱ्या मला ती एक साधी तपासणी सुचली नव्हती. आईने औषध सोडले ही तिची चूक होती. पण त्या आधीची चूक माझी होती. ज्याचे दुखणे घरात कोणी ऐकत नाही, तो माणूस ऐकून घेणाऱ्या बाटलीकडे वळतो.

मग आम्ही आईच्या पद्धतीने, म्हणजे गणिताच्या पद्धतीने गेलो. एका वेळी एकच बदल. दोन्ही बाटल्या बाजूला ठेवल्या. हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्याच गटातील दुसरे स्टॅटिन कमी मात्रेत सुरू केले आणि थायरॉइडची गोळी अगदी अल्प मात्रेपासून. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आई रोज पायांच्या दुखण्याला दहापैकी गुण देऊ लागली. आरंभी सात. तीन महिन्यांनी चार.

त्यानंतर १०० मिलिग्रॅमचे युबिक्विनोन दुपारच्या जेवणाबरोबर, तीन महिने. रक्तातील पातळी स्थिरावायलाच सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून आठ-दहा दिवसांत निकाल लावू नये. गुण चारावरून तीनवर आले. मग एक महिना ते बंद ठेवले. गुण तीनच राहिले.

"म्हणजे ही कॅप्सूल नापास?" आईने विचारले.

"काठावर म्हण. तुला तिची गरज दिसत नाही, एवढंच."

"आणि ती रात्रीची?"

"ती पास. ती सोडायची नाही."

एका आईच्या अनुभवावरून नियम ठरत नाही. माझ्याच एका रुग्णाला, हृदय अशक्त झालेल्या एका सत्तरीच्या काकांना, त्यांच्या तज्ज्ञांच्या संमतीने मी तीन वेळा १०० मिलिग्रॅम चालू ठेवले आहे. जिन्याच्या पायऱ्या चढणे त्यांना सोपे वाटते. ते को-क्यू टेनमुळे की इतर औषधांमुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तसे मी त्यांनाही सांगितले आहे. आपल्या बाबतीत उत्तर आईसारखे येईल की काकांसारखे, हे मुदत ठरवून, नोंद ठेवून आणि एका वेळी एकच बदल करूनच कळेल.

कोणी आधी थांबावे?

ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे किंवा हृदयाचे ठोके अनियमित आहेत आणि जे वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता ही कॅप्सूल उघडूही नये. को-क्यू टेनची रचना 'के' जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती आहे, आणि ते घेतल्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळ्यांचा परिणाम कमी झाल्याच्या नोंदी आहेत. रक्तात गुठळी होणे हे या रुग्णांना परवडणारे नाही. घ्यायचे ठरलेच, तर आयएनआरची तपासणी लवकर लवकर करावी लागते. आणि ते थांबवतानाही तशीच.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी सुरुवातीला रक्तदाब मोजत राहावे, कारण तो किंचित उतरू शकतो. कर्करोगावर उपचार चालू असल्यास ते तज्ज्ञ सांगतील तेच. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना सर्व पूरक गोळ्यांची यादी द्यावी.

बाटली भारतात विकत घेत असाल, तर तिच्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, मुदतीची तारीख आणि एका कॅप्सूलमधील नेमके मिलिग्रॅम पाहावेत. 'दोन कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम' असे बारीक अक्षरात असते आणि आपण एकीत तेवढे आहे असे समजतो. दहा-बारा घटकांच्या मिश्रणात को-क्यू टेनही घातलेले असेल, तर त्याचे प्रमाण वेगळे दिलेले आहे का ते शोधावे. नसेल, तर तेथे मात्रेचा प्रश्नच निकालात निघतो. बाटली उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवावी.

परदेशातील मुलांनो, हे चार शब्द तुमच्यासाठीही. आई-वडिलांचे दुखणे तुम्ही ऐकता, ही मोठी गोष्ट आहे. माझ्या दादाने ती केली, मी केली नव्हती. बाटली पाठवण्याआधी लेबलचा फोटो त्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा, आणि 'हे सुरू करण्यासाठी दुसरे काही बंद करायचे नाही' हे वाक्य फोनवर स्पष्ट उच्चारा. दादा आता मला आधी फोटो पाठवतो. काही वेळा मी होकार देते.

आणि जे घरी वृद्धांची शुश्रूषा करतात, त्यांना एक विनंती. या रविवारी एक कापडी पिशवी घ्या. उशाखालच्या, खणातल्या, देवघराशेजारच्या, फ्रीजच्या दारातल्या सगळ्या गोळ्या, काढे, भुकट्या, बाटल्या तीत घाला. रागावू नका, हिशेब मागू नका. ती पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. माझ्या दवाखान्यात आता प्रत्येक साठीपुढच्या रुग्णाला वर्षातून दोनदा अशी पिशवी आणायला मी सांगते. आईची पिशवी मी स्वतः तपासते. तेव्हा पहिला प्रश्न मी गोळ्यांचा विचारत नाही. "काय दुखतंय?" एवढेच विचारते, आणि तिचे बोलणे संपेपर्यंत थांबते.